नाक

मेयोतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं,
घरात मच्छरची कॉइल लावता?
म्हटलं, एकच. रात्रभर पुरते.
अगरबत्ती?
वंदनेला, दोन वेळ.
डांबरगोळ्या?
पेटीत, गादीखाली, मोरीच्या जाळीवर.
आणि फिनाइल?
मला हसूच आलं.
म्हटलं, मॅडम, फिनाइलच खातो आम्ही.
त्यांचं पेन थांबलं.
म्हणजे, पोट त्याच्यावर आहे, म्हटलं.

माल घरीच बनायचा.
न्हाणीत निळा ड्रम, तळाशी अर्क,
वरून नळाचं पाणी,
बांबूनं ढवळलं की दुधासारखं पांढरं.
भंगारातल्या थंड्याच्या बाटल्या धुऊन त्यांत भरायचं,
आणि श्रावस्तीचे बाबा लुनाला पिशव्या टांगून
जरीपटका, इंदोरा, पाचपावली ओरडत फिरायचे.
उरलेल्या बाटल्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी.
एका मे महिन्यात, तापलेल्या दुपारी,
तहानलेल्या पोरीनं त्यातली एक उचलली होती.
टोपण घट्ट होतं.
बस एवढंच.
त्या टोपणाचे उपकार मी अजून फेडते आहे.

मला वास येणं बंद होऊन
तेव्हा सहा वर्षं झाली होती.
नणंद उंबऱ्यातच म्हणायची,
वहिनी, तुमच्या घरी किती स्वच्छ वाटतं!
मी मान हलवायची.
भाजी करपली की गजभियेकाकू
पलीकडून भिंतीवर थापा मारायच्या.

रात्री पोरीची छाती वाजायची,
पाणी संपल्यावरही चालू राहिलेल्या
कूलरच्या पंपासारखी.
मी म्हटलं, ड्रम हलवा.
ते म्हणाले, काऊन? तुझी डॉक्टरीण देते का
चाळीस बाटल्यांचे पैसे?
तीन दिवस आम्ही बोललो नाही.
चौथ्या पहाटे जिन्यावर गडगड ऐकू आली.
जाऊन पाहिलं तर
एकटेच ड्रम गच्चीवर चढवत होते,
पायरीपायरीला थांबून,
श्वास त्यांचाही फुललेला.
मी खालून हात लावला.

मग एकेक निघत गेलं.
डांबरगोळ्या गेल्या, पेटीत कडुनिंबाचा पाला आला.
गांधीबागेतून मच्छरदाणी आणली,
पोरगी म्हणाली, आई, तंबू!
रंगानं चिकटून बसलेली मागची खिडकी
बत्त्यानं ठोकून उघडली,
तिच्या फटीत कुणाचं तरी जुनं तिकीट निघालं.
कपड्यांना रिठे.
फेस येत नाही म्हणून मी तीन वेळा रागावले रिठ्यांवर.
खरवडलेला काळा तवा भंगारवाल्याला दिला,
त्यानं दहा रुपये टेकवले.
तो आता कुणाच्या चुलीवर असेल,
हे तेव्हा मनात आलं नाही.
आता येतं.

पावसाळा सरता सरता एक दिवस
मोरीजवळ उभी असताना
काहीतरी नाकात शिरलं.
सडका, आंबूस, कालच्या वरणाचा,
तुंबलेल्या जाळीचा वास.
मी तिथंच बसले
आणि पुन्हा पुन्हा हुंगला.
गजभियेकाकूंना हाक मारून सांगितलं,
काकू, माझी मोरी घाण मारते!
त्या झाडू घेऊनच आल्या.

सगळं झालं असं नाही.
कोराडीकडून वारा सुटला की
वाळत घातलेल्या चादरीवर बोट फिरवलं तर
बोट राखाडी होतं,
आणि त्या खिडकीचं काय करायचं
हे मला अजून ठरवता येत नाही.
पोरीची छाती थंडीत दोनतीन रात्री वाजलीच.
आणि लुना अजून निघते,
बाटल्या आता बिनरंगी, चिठ्ठी लावलेल्या,
चिठ्ठीवर श्रावस्तीच्या अक्षरात: पिऊ नये.

ते संध्याकाळी येतात,
सदरा बाहेरच्या तारेवर काढून ठेवतात,
तरी वास आत येतोच त्यांच्याबरोबर.
सहा वर्षं ज्याच्याजवळ झोपले
त्या माणसाला हा वास होता,
आणि मला ठाऊक नव्हता.
म्हटलं, आधी अंघोळ करा.
मग पाणी तापेपर्यंत
उगाच शेजारी बसून राहिले.